संशोधनाचीही वर्गणी

कणकवली, रत्नागिरी, चिपळूण... रात्रीची तुतारी एक्सप्रेस माणसं गोळा करत दादरला येते. त्या गर्दीत कधी मास्क लावलेलं एखादं लेकरू असतं आणि आईच्या पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाइल. दोघं परळला, टाटा मेमोरियलला निघालेली.

लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. पहिले महिने फार जड जातात. नंतर घरीच गोळ्या: मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. रक्तात पांढऱ्या पेशी किती, ते बघून डोस वाढतो किंवा कमी होतो. एव्हाना मूल अंगणात खेळायला लागलेलं असतं. मग घरच्यांना वाटतं, झालं की बरं! शेतीची कामं तोंडावर, मुंबईच्या खेपा परवडेनात, आणि काही घरांत उपचार इथंच सुटतात. उपचार सुटून आजार उलटला, तर दुसऱ्यांदा आवरणं खूप अवघड.

आता समजा, ही तपासणी तालुक्याच्या गावी झाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी डोस फोनवर सांगितला. मुलं तितकीच सुरक्षित राहतील? उपचार पुरे करणारी वाढतील? हा संशोधनाचा प्रश्न आहे. त्याला मोठी यंत्रं नकोत. नोंदी ठेवणारी परिचारिका हवी, तपासण्यांचा खर्च हवा, आकडे नीट तपासणारा संख्याशास्त्रज्ञ हवा. त्यांचे पगार कोण देणार?

आजारी पोरासाठी आपली वाडी मागं राहत नाही. मुंबईकर मंडळ, देवस्थान, चाकरमानी, सगळे हात देतात. संशोधनाला मात्र दाखवायला चेहरा नसतो.

आज आपली मुलं घेतात ते मेथोट्रेक्सेट अमिनोप्टेरिनचं भावंड. अमिनोप्टेरिन तयार झालं ते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते मुलांना दिलं आणि 1948 साली निष्कर्ष छापले. त्याच वर्षी ‘जिमी’ या टोपणनावाच्या एका छोट्या रुग्णासाठी रेडिओवरून आवाहन झालं आणि लोकांच्या देणग्यांतून जिमी फंड उभा राहिला. तीही वर्गणीच.

आपल्याकडे कुठं मागायचं? कंपनी कायदा 2013, कलम 135. ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. लोटे-परशुरामला कारखाने असलेल्या मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करता येईल. अमेरिकेतलं सेंट बाल्ड्रिक्स फाउंडेशन फक्त बालकर्करोगाच्या संशोधनाला अनुदान देतं. पण परदेशी पैसा ज्या संस्थेच्या खात्यात येणार, तिची एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) नोंदणी आहे ना, ते अर्ज लिहिण्याआधी बघा.

जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञानं हा अर्ज एकट्यानं करू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. मोठ्या कर्करोग केंद्राशी जोडी जमवावी. प्रश्न एकच ठेवावा. नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची संमती आणि खर्चाची प्रत्येक ओळ स्पष्ट असावी.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, मंडळाच्या घटनेतले उद्देश एकदा काढून वाचा. ‘वैद्यकीय मदत’ बहुधा असेल. ‘वैद्यकीय संशोधन’ नसेल, तर गणपतीत गावी सगळे जमतील तेव्हा विषय काढा, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा.