राळ, लीसा आणि टर्पेंटाइन

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, हा खडा पहिल्या रांगेतून मागे मागे जाऊ द्या. जांभळी नाक्याजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडून सकाळीच आणलाय. ‘गंधबिरोजा’ म्हटलं, त्यानं काही न विचारता पुडी बांधली. मुठीत जरा वेळ धरा, उबेनं चिकट होईल आणि वास सुटेल.

या वासाचं झाड येऊरच्या जंगलात शोधू नका. ते हिमालयाच्या उतारांवर, साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीवर वाढतं. हिंदीत चीड, इंग्रजीत पाइन, संस्कृतात सरल. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात हत्ती गंडस्थळाची खाज भागवायला या झाडांवर घासतात, चीक झरतो आणि डोंगरमाथे घमघमतात. कालिदासानं हत्तींकडून करवलं तेच उत्तराखंडातल्या कुमाऊँतला मजूर हत्यारानं करतो. सालीवर खाच, खाली भांडं. त्या चिकाला तिथे लीसा म्हणतात, आपल्या पुडीतला गंधबिरोजा तोच. लीसा उकळला की वाफेबरोबर उडतं ते टर्पेंटाइन, तळाला उरते ती राळ. आपली जुनी राळ खरं तर शालवृक्षाची. दशावतारात राक्षस येताना मशालीवर उडवतात ना, ती. (टीकेची राळही तिथूनच उडाली.) पण हल्ली त्या नावानं पुडीत जे पिवळं, काचेसारखं मिळतं ते पुष्कळदा चिडाचंच असतं.

आता औषधाकडे येऊ. कुमाऊँत टाचांच्या भेगांत लीसा भरतात. माझी आजी मुरबाडला, चीड जन्मात न बघता, राळ आणि मेण तुपात वितळवून तेच करायची. चमत्कार काही नाही. राळ भेग बुजवते, माती-पाणी आत जाऊ देत नाही आणि जंतूंनाही फारशी मानवत नाही. काहींच्या कातडीलाही मानवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. चिकटपट्टी लावली की ज्यांना पुरळ उठतं, त्यांतल्या काहींना बाधते ती त्या गोंदातली राळच.

टर्पेंटाइनची माझी पहिली आठवण बैलाची आहे. जू घासून ढवळ्याचा खांदा सोलवटला, माश्या बसल्या आणि आसडी पडली. आजोबांनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून जखमेत दाबला. मी वेसण धरून उभा. थोड्या वेळानं आळ्या आपण होऊन वर यायला लागल्या, आजोबा एकेक चिमट्यानं काढत होते आणि ढवळ्या थरथरत होता. त्या थरथरण्यात सगळं औषधशास्त्र आलं. हे तेल झोंबतं. कातडीला चोळलं की तिथे रक्त धावून येतं, ऊब वाटते आणि मुरगळलेल्या पायाचं दुखणं जरा मागे पडतं. सर्दीला छातीवर चोळायच्या बामच्या डबीवरची बारीक अक्षरं घरी गेल्यावर वाचा. पुदिन्याचं फूल, कापूर, निलगिरी, आणि बहुतेक त्याच ओळीत तारपीन, म्हणजे हेच.

पण चोळायचं ते गिळायचं नाही. जंतांवर टर्पेंटाइनचे थेंब पोटात देण्याची रीत एके काळी डॉक्टरांकडेही होती. ती सुटली, कारण तेच तेल मूत्रपिंडाला इजा करतं, आणि घोट चुकून श्वासनलिकेत उतरला तर फुप्फुसं सुजतात. रंगकामासाठी आणलेली टर्पेंटाइनची बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. अन् परंपरा जुनी म्हणून निरुपद्रवी, असं मला निदान या तेलाबाबत तरी म्हणवत नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, पाइनच्या सुयांचा चहा घ्यावा का? सुयांमध्ये क जीवनसत्त्व असतं, हे खरं. 1535-36च्या हिवाळ्यात कॅनडात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तियेचे खलाशी स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, मरत होते. तिथल्या मूळ रहिवाशांनी एका सदाहरित झाडाच्या साल-पाल्याचा काढा दाखवला आणि उरलेले वाचले. पण ते झाड नेमकं कोणतं, यावर अजून वाद आहे, आणि बहुतेकांचं मत पाइनच्या बाजूचं नाही. झाड ओळखण्यातच खरी मेख आहे. हिमालयातच थुनेर नावाचं झाड आहे, पानं सुयांसारखीच, आणि विष थेट हृदयावर. ताई, तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीतलं ‘ख्रिसमस ट्री’ बहुधा अरॉकेरिया असणार. तो पाइन नव्हे. चहात गवती चहाच घाला.

खडा मागच्या रांगेत पोचला का? हात साडीला, रुमालाला पुसू नका, डाग जात नाही. साबणालाही तो दाद देत नाही. दाराशी खोबरेल ठेवलंय, आधी ते चोळा, मग धुवा.