कुठं पाहून राहिलं हे?

(दृश्य : नागपूरची इतवारी. बांबूच्या कमट्या, कागद, कापडाचे तुकडे.)

पाच-सहा वर्षांची असेन. पोळ्याचा दुसरा दिवस. बाबांच्या खांद्यावर बसून मी इतवारीतली गर्दी पाहत होते. आधी ढोलताशे ऐकू आले, मग डोक्यांच्या समुद्रावरून काळी मारबत, बांबू-कागदाचा भलामोठा पुतळा, डुलत आली. खाली सगळे ओरडत होते, ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!’ काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, हे मला फार नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच समजलं की ती माझ्याकडे पाहतेय. तिला जाळणार म्हटल्यावर मी भोकाड पसरलं होतं.

मी मातीचे जे जीव घडवते, ते सगळे त्या नजरेतून आले आहेत.

(दृश्य : मातीने माखलेले हात. टेबलावर वीतभर उंचीच्या आकृत्या.)

लोक विचारतात, हे कुठून सुचतं? आपल्याकडे विचित्र प्राण्यांना तोटा नाही हो. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या वेशीवर हत्तीला पंज्यात धरणारा सिंह आहे. रामटेकजवळ मनसरच्या उत्खननात ठेंगणे, पोटाळ गण, म्हणजे शिवाचे सेवक, निघाले. पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथेच दगडाला ढेरी काढली, आणि ती ढेरी खरी वाटते, कारण तिचं वजन त्याला माहीत होतं.

तीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जीव कितीही काल्पनिक असो, त्याचा भार कुठल्या पायावर आहे, हे मला ठाऊक असलं पाहिजे.

सध्या मी संत्र्याच्या बागेचा एक राखणदार करतेय. शेपूट खारीची, कान वटवाघळाचे, काखेत त्याच्या डोक्याएवढं संत्रं. त्या संत्र्यामुळे तो डावीकडे झुकतो, म्हणून उजवा खांदा वर उचलतो, शेपूट उजवीकडे टाकतो. झुकणं आधी ठरलं. चेहरा नंतर सुचला.

(दृश्य : वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर मातीचे थर.)

सुरुवातीला मी आत तार घालायचे. माती वाळताना आकसते, शेकडा पाच-सात तरी. तार आकसत नाही. सकाळी यावं तर कोपरापाशी, गुडघ्यापाशी भेगा. त्यातून नागपूरचा मे महिना, बाहेरून कडक आणि आत ओलं. एका उन्हाळ्यात महिनाभराचं काम असंच गेलं, चूक माझीच होती. आता कागदाच्या बोळ्यावर माती चढवते, ती जरा घट्ट झाली की कापून आतून पोकळ करते, दोन्ही कडा ओरखडून मातीची पातळ लापशी लावते आणि पुन्हा जोडते. भट्टीत आत उरलेला कागद जळला तरी हवा निघायला तळाशी छिद्र ठेवावंच लागतं. वाळायचं ते सावलीत, ओल्या फडक्याखाली, आठ-दहा दिवस. घाई केली की शेपूट गळते.

संत्र्याची साल मात्र खरीच आहे. ताजी साल मातीवर दाबायची, तिचे बारीक खड्डे उमटतात. लव उमटवायला जुना कंगवा, सुरकुत्यांना सायकलच्या चाकाची तार, टोक घासून चपटं केलेली.

(दृश्य : चेहऱ्याजवळ कॅमेरा. खोलीत शांतता.)

बुबूळ मी रंगवत नाही, खोल कोरते. वरच्या पापणीची सावली आत पडते. त्या खळग्यात वरच्या कडेला मातीचा एक कण सोडायचा. उजेड त्यावर थांबतो आणि डोळा ओला दिसतो. मोठमोठ्या दगडी पुतळ्यांतही शिल्पकार हेच करतात.

हा राखणदार परवा पूर्ण झाला असं वाटलं. शेजारची मुलगी आली, चहूबाजूंनी फिरली आणि म्हणाली, ‘मावशी, हे कुठं पाहून राहिलं?’

मला सांगता येईना.

फडकं काढलं. मान अजून ओली होती. दोन्ही तळव्यांत डोकं धरून ते हळूच फिरवलं, काखेतल्या संत्र्याकडून वर, झाडाच्या उंच फांदीकडे. मानेला एक सुरकुती पडली. ती तशीच राहू दिली.