लेसिंग : एका रानवट आडनावाची गोष्ट

(दृश्य : दफनभूमी, क्रूसांच्या रांगा)

राल्बित्स. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातलं एक छोटं गाव. लाकडी क्रूस, सगळे पांढरे, सगळे एकाच मापाचे. बडा शेतकरी असो की गडीमाणूस, उंची तीच. ज्या क्रमानं माणसं गेली, त्याच क्रमानं ती इथं पुरली जातात.

आता नावं वाचा. ही जर्मन नव्हेत, सोर्बी आहेत. सोर्ब म्हणजे सहाव्या-सातव्या शतकापासून या मातीत नांदणारे स्लाव. त्यांच्यात नवरा नोवाक, तर बायको नोवाकोवा आणि लग्न न झालेली लेक नोवाकेत्स. सरकारी कागदांवर मात्र सगळ्यांनी नोवाकच राहायचं. बायकांना आपलं रूप कायद्यानं लावता येऊ लागलं, ते थेट १ मे २०२५ पासून!

(दृश्य : कामेन्त्स, गावाची दुभाषी पाटी)

वर जर्मन नाव, खाली सोर्बी. दोन्हींच्या मुळाशी स्लाव भाषांतला दगड. याच गावात २२ जानेवारी १७२९ रोजी पाद्र्याच्या घरी नाटककार गॉटहोल्ड एफ्राइम लेसिंग जन्मला. जर्मन प्रबोधनाचा हा बिनीचा शिलेदार, पण त्याचं आडनाव स्लाव मुळाचं.

सोर्बीत 'लेस' म्हणजे रान. 'लेस्निक' म्हणजे रानात राहणारा, रानावर पोट असलेला.

(दृश्य : चर्चची जुनी वही, शाईची अक्षरं जवळून)

लेस्निकचा लेसिंग झाला तो अशा वह्यांमधून. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, साऱ्याची नोंद पाद्री ठेवायचा. वहीची भाषा जर्मन, समोरचा माणूस सोर्बी बोलणारा. ऐकू येईल तसं लिहायचं. शेवटचा '-निक' जर्मन कानाला परका, '-इंग' घरचा. कुणी लेसिग लिहिलं, कुणी लेसिंग, आणि पुढच्या पिढीनं वहीत होतं तेच खरं मानलं. नोवाकचंही तेच. मधला 'व' गळाला आणि नोआक उरला. लाउझित्समधल्या कोटबुस शहराच्या बाजूला आजही दारावरच्या घंटीखालच्या पाट्यांवर नोआक पुष्कळ. इथली आडनावं बदलायला दरवेळी फतवा लागला नाही, दौत-टाक पुरे झाले.

नोआकच्या मानानं लेसिंग विरळाच. आज सोर्ब साधारण ६०,००० मानले जातात, त्यातले सुमारे ४०,००० साक्सनी राज्यात, बाकीचे शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात. हा अंदाजच. सोर्ब असणं ज्याच्या-त्याच्या म्हणण्यावर, सरकार त्याची नोंद ठेवत नाही. त्यामुळे आडनावावरून शिरगणती करायला जाल तर फसाल. घरात सोर्बीचा शब्द नसलेले लेसिंग आहेतच.

(दृश्य : कोळशाची उघडी खाण, वरून)

तपकिरी कोळशासाठी लाउझित्सची शंभराहून अधिक गावं उठली. नव्या वस्त्यांत शेजार जर्मन, शाळा जर्मन.

(दृश्य : नकाशा, रेषा पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे)

आडनाव मात्र लांबवर गेलं. नाटककाराच्या भावाचा नातू कार्ल फ्रीडरिश ब्रेस्लाऊला (आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ) जन्मून नावाजलेला चित्रकार झाला. त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ भाऊ थेट सायबेरियात स्थायिक झाला. आणि दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९४३ साली एका तरुणीनं गॉटफ्रीड लेसिंग या जर्मन निर्वासिताशी लग्न केलं. १९४९ मध्ये घटस्फोट झाला, पण आडनाव तिनं ठेवलं. २००७ चं साहित्याचं नोबेल याच नावावर जाहीर झालं : डोरिस लेसिंग.