बुडापेस्टच्या तीन खेपा

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, 'दातांसाठी बुडापेस्टला जाताना काय पाहावं'. तिकडे मी येणारच आहे. पण आधी एक करा. गेलं वर्षभर ज्यांना एकाच बाजूनं चावावं लागतंय, त्यांनी हात वर करा. लाजू नका. बघा, पुढच्या दोन रांगांतच सात हात आहेत.

आता मला सांगा, या सात जणांतलं कोणी उद्या विमानात बसून हंगेरीतल्या बुडापेस्टला दाढ बसवायला गेलं, तर त्याला पर्यटक म्हणायचं का? इथली, इंग्लंडातली वर्तमानपत्रं म्हणतात. 'डेंटल टुरिझम'. हा शब्द मला फार लागतो. टुरिझम म्हटलं की माणूस हौसेनं गेला असं वाटतं आणि तो का गेला हे कोणी विचारत नाही.

का गेला ते आपल्याला ठाऊक आहे. 1948 साली एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हा इंग्लंडात दात, कवळी, सगळं फुकट होतं. कवळ्यांसाठी एवढी गर्दी उसळली की 1951 मध्ये सरकारनं कवळीला पैसे लावले आणि त्या प्रश्नावर अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. ज्या माणसानं ही सेवा उभी केली, त्यानं! म्हणजे पहिली ठिणगी दातांवरूनच पडली. पुढे 2006 चा करार आला. त्यात एका उपचारात एक दात भरला काय आणि पाच भरले काय, डेंटिस्टला मोबदला तेवढाच ठेवला होता. मग ज्याचं तोंड जास्त बिघडलंय असा नवा पेशंट कोण घेणार? मी डेंटिस्टांना दोष देत नाही, हिशेबच तसा मांडलेला होता.

आमच्या वन्सं या हिशेबात सापडल्या. वरच्या उजव्या दोन दाढा गेल्या, आणि 'नवीन पेशंट घेत नाही' हे वाक्य त्यांनी आठ वर्षं ऐकलं. शेवटी एका खाजगी दवाखान्यात इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दाताचा, आकडा विचारला. तो ऐकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्यात मी स्वयंपाकघर नवं केलं असतं." मग बुडापेस्ट ठरलं. पाच दिवसांची तिकिटं काढली. जायचं, दाढा बसवायच्या, यायचं. मीही तसंच धरून चालले होते.

पहिल्या सकाळी स्कॅन झाला. डॉक्टर बाई तरुण होत्या, इंग्रजी स्वच्छ. पडद्यावर चित्र लावून म्हणाल्या, इथं हाड तीन मिलिमीटर उरलंय, स्क्रू धरणार कशाला? वरच्या दाढांच्या मुळांच्या वर, गालामागे, जबड्याच्या हाडात एक पोकळी असते. दाढ गेली की खालचं हाड झिजतं आणि ती पोकळी खाली उतरते. आठ वर्षं ते चाललं होतं. मंडळी, ही वेटिंग लिस्ट नुसती वेळ खात नव्हती, ती हाड खात होती!

डॉक्टर बाई म्हणाल्या, आज फक्त पोकळीचा पडदा वर उचलून खाली हाडाची भर घालते. सहा-सात महिन्यांनी या, तेव्हा स्क्रू बसवू. मग आणखी काही महिन्यांनी वरच्या कॅप. वन्सं चिडल्या. "आमची परतीची तिकिटं आहेत!" त्या बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्ही आत्ता कुठेही गेलात तरी हे हाड तेवढंच वेळ घेईल. वन्सं हॉटेलवर येऊन रडल्या. मला मात्र त्याच क्षणी त्या डॉक्टरचा विश्वास वाटला. समोर पैसे घेऊन आलेला माणूस असताना 'आज नाही' म्हणणारा डॉक्टर शोधूनही सापडत नाही.

आणि टुरिझम म्हणता, तर ऐका. सगळं शहर गरम पाण्याच्या झऱ्यांवर वसलेलं. तिथल्या सेचेनी स्नानगृहाची चित्रं वन्संनी महिनाभर पाहिली होती. डॉक्टरांनी काय सांगितलं? गरम पाण्यात जायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, जोराची शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची. गुलाश तिथं सूप म्हणून मिळतं, तेही कोमट करून, डाव्या बाजूनं. चार दिवस आम्ही दोन नंबरच्या ट्राममध्ये बसून डॅन्यूब पाहिली, एवढीच सहल.

हो, एक ठिकाण पाहिलं. रोकुश हॉस्पिटलसमोर इग्नाझ सेमेलवाइस यांचा पुतळा आहे. बुडाचाच, म्हणजे याच शहराचा मुलगा. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचं मरण झपाट्यानं घटलं. लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, 1865 मध्ये ते गेले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1965 मध्ये, स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचं पहिलं इम्प्लांट माणसाच्या जबड्यात बसवलं. सशाच्या पायात बसवलेलं टायटॅनियम निघेना, हाड त्याला धरून बसलं होतं, त्यावरून त्यांना ते सुचलं. सुजलेला गाल धरून वन्सं त्या पुतळ्याखाली उभ्या होत्या, तेव्हा मला या दोन्ही माणसांचं फार अप्रूप वाटलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, भराभर सांगते.

तिथं स्वस्त का, तर पगार, भाडी, लॅबचा खर्च, सगळं कमी. स्क्रू मोठ्या कंपन्यांचेच असतात. शिक्षणाची शंका नको, सेमेलवाइस विद्यापीठात दंतवैद्यकी हंगेरियनबरोबर इंग्रजी आणि जर्मनमध्येही शिकवतात. ऑस्ट्रियातले लोक कितीतरी आधीपासून सीमा ओलांडून शोप्रोन आणि मोशोनमाग्यारोवारला दात करून घेतात.

पण हिशेब एका खेपेचा करू नका. आमच्या तीन झाल्या, तेरा महिन्यांत. विमान, हॉटेल, सगळं धरूनही इथल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी पडलं. एकाच आठवड्यात सगळे दात करून देतो म्हणणाऱ्याला विचारा, माझे चांगले दात तासणार आहात का? तासलेलं एनॅमल, दाताचं वरचं कवच, परत येत नाही आणि कधी आतली नस मरते. हसू पांढरं व्हावं म्हणून निरोगी दातांवर कॅप चढवू नका, मी हात जोडून सांगते.

बिघडलं तर इथली जनरल डेंटल कौन्सिल तिथल्या डॉक्टरला जाब विचारू शकत नाही. म्हणून हमी किती वर्षांची, तिच्यासाठी परत तिकडेच जावं लागेल का, तेव्हाचा प्रवासखर्च कोणाचा, हे जायच्या आधी लेखी घ्या. आणि निघण्यापूर्वीच इथं एक डेंटिस्ट गाठून ठेवा, नंतर दात साफ करायला आणि तपासायला तयार असलेला. यात फार जण चुकतात. स्कॅनची प्रत आणा. इम्प्लांटची कंपनी, माप, बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या.

ते कार्ड वन्संनी बसच्या पासमागे ठेवलं होतं. तिसऱ्या खेपेनंतर वर्षभरानं एक कॅप हलायला लागली. इथल्या डेंटिस्टनं पहिला प्रश्न केला, इम्प्लांट कोणतं? वन्संनी पर्समधून कार्ड काढून पुढे केलं. त्यानं त्या मापाची किल्ली मागवली आणि पुढच्या मंगळवारी वीस मिनिटांत कॅपचा स्क्रू घट्ट झाला. घरी आल्यावर वन्संनी उजव्या बाजूनं चकली खाल्ली. मी स्वयंपाकघरात होते, तिथपर्यंत आवाज आला.