ताप नाही, तरी तपासणी

[दृश्य: नदीचा संगम, उंचावरून. पावसाळ्याची अखेर.]

निवेदन:
पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला, भामरागडला, या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. मागे जे हिरवं दिसतं आहे ते संपत नाही, कारण या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. पर्लकोटा फुगली की इथला रस्ता बंद होतो. वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे.

[दृश्य: बांधीतलं पाणी, झरा, दगडांमधली डबकी.]

पुराचं पाणी ओसरतं, पण सगळं जात नाही. बांधीत म्हणजे भाताच्या खाचरात, नाल्याच्या कडेला, झऱ्यातल्या दगडांच्या खाचांत ते साचून राहतं. ॲनोफिलिस फ्लुव्हिॲटिलिस हा डास जंगलातल्या अशाच स्वच्छ, संथ वाहत्या पाण्यात वाढतो. त्याचा भाऊबंद क्युलिसिफेसिस बांधीच्या पाण्यावरही भागवून घेतो. हिवतापाच्या बाबतीत गडचिरोलीचं नाव राज्यात सतत पुढे असतं, आणि इथे जास्त आढळतो तो फॅल्सिपेरम, जिवावर बेतू शकणारा प्रकार.

[दृश्य: उपकेंद्राची पडवी. बाया येऊन बसत आहेत. वजनकाटा.]

आज उपकेंद्रात गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस आहे. कुणी नाला ओलांडून आली आहे, कुणी सासूला सोबत आणलं आहे. आशाताई पाड्यापाड्यावर निरोप देऊन आली होती. आता ती माडिया आणि मराठी यांच्यामध्ये बसली आहे. सिस्टर मराठीत विचारतात, ती माडियात सांगते, उत्तर पुन्हा मराठीत येतं.

वजन. रक्तदाब. पोटाची तपासणी. हिमोग्लोबिन. लघवी. एवढं देशातल्या कुठल्याही उपकेंद्रात होतं. इथे त्याच ओळीत आणखी एक तपासणी आहे, हिवतापाची.

[दृश्य: तरुण मुलगी, पहिलटकरीण. सासू शेजारी.]

ही पहिलटकरीण. पाचवा महिना. सिस्टरांनी विचारलं, ताप, थंडी, डोकेदुखी? तिने मान हलवली. काही नाही. कालपर्यंत शेतात होती.

सासूने मग आपल्या भाषेत जे विचारलं, ते आशाताईने सिस्टरांना सांगितलं: "ती म्हणते, ताप नाही तं रगत कायले घेता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या फिल्मचा विषयही तोच आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देऊ.

[दृश्य: पाड्यावरची मुलं, अंगणात झोपलेलं बाळ, चूल.]

या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून हिवताप होत असतो. होऊन होऊन शरीर त्याला काहीसं सरावतं. रक्तात परजीवी असतात, अंग मात्र तापत नाही. एरवी हे पचून जातं. गरोदरपणात पचत नाही, कारण आता शरीरात एक नवा अवयव तयार झालेला असतो. पोटातल्या बाळाला पोसणारी वार.

फॅल्सिपेरमचा परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, तिच्या पृष्ठभागावर तो आपली प्रथिनं आणून ठेवतो. वारेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचा पदार्थ असतो. त्याला बरोबर चिकटणारं एक प्रथिन या परजीवीकडे आहे. त्यामुळे बाधित पेशी वारेत अडकून राहतात. आईच्या शरीराने परजीवीचं हे रूप आधी पाहिलेलंच नसतं, म्हणून लहानपणापासूनची प्रतिकारशक्ती इथे अपुरी पडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत शरीर थोडं शिकतं. सर्वांत जास्त धोका पहिलटकरणीला, तो यामुळे.

आईच्या अंगातलं रक्त कमी होतं. बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं. कधी गर्भ पडतो, कधी बाळ पोटातच जातं.

[दृश्य: अगदी जवळून. हात, कापूस, टोचायची सुई (लॅन्सेट).]

आता हात बघा. डाव्या हाताची अनामिका. स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि बोट वाळू द्यायचं. ओल्या बोटावर टोचलं तर थेंब पसरतो. टोचायचं मधोमध नाही, जरा बाजूला, तिथे कमी दुखतं. तपासणीच्या किटसोबत आलेल्या नळीने रक्त उचलायचं, ते लहान खिडकीत सोडायचं, मग दुसऱ्या खिडकीत द्रावणाचे थेंब, किटच्या कागदावर लिहिलेत तितकेच. घड्याळात वेळ पाहून ठेवायची.

[दृश्य: किटच्या पट्टीवर लाल रंग सरकतो आहे.]

पंधरा ते वीस मिनिटं. पट्टीवरून रंग सरकत जातो. एक रेघ नियंत्रणाची, किट नीट चालली हे दाखवणारी. ती उमटली नाही तर किट वाया गेली, नवी घ्यायची. फॅल्सिपेरम असेल तर त्याच्या जागी एक रेघ, व्हायव्हॅक्स, हिवतापाचा दुसरा प्रकार, असेल तर त्याच्या जागी. रेघ फिकट असली तरी ती रेघच. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, डॉक्टर समोर हवा असंही नाही. आशाताईला हे शिकवलेलं आहे आणि तिचा हात किती सराईत आहे ते तुम्हाला दिसतंच आहे.

[दृश्य: दोन रेघा.]

[येथे निवेदन नाही. आठ सेकंद फक्त चेहरे.]

[दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा. काचपट्ट्या, रंगद्रव्य, सूक्ष्मदर्शक.]

त्याच बोटाचं रक्त काचपट्टीवरही घेतलं होतं. एकाच काचेवर जाड लेप आणि पातळ लेप. जाड लेपात परजीवी आहे की नाही ते कळतं, पातळ लेपात तो कोणता ते. पट्टी रंगवायला वापरतात ते जेएसबी रंगद्रव्य भारतातच तयार झालेलं, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावाचं. भिंगाखाली जांभळट ठिपके, बारीक अंगठ्या, आणि एखाद्या क्षेत्रात चंद्रकोरीसारखा फॅल्सिपेरमचा गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाऊन पुढे पसरणारं त्याचं रूप. किट असताना ही मेहनत कशाला? उपचारानंतरही किटवर रेघ काही आठवडे उमटत राहू शकते. परजीवी खरंच गेला की नाही, ते काचपट्टी सांगते.

[दृश्य: गोळ्यांची पाकिटं. सिस्टर हातावर गोळी ठेवतात, पाण्याचा पेला.]

उपचार महिन्यांवर ठरतो. चौथ्या महिन्यापासून फॅल्सिपेरमला आर्टेमिसिनिनचं जोडऔषध, तीन दिवस. पहिली गोळी सिस्टरांच्या समोर, उरलेल्या घरी, आशाताईच्या देखत. पहिल्या तीन महिन्यांसाठी देशाच्या 2013 च्या औषध धोरणात क्विनाइन आहे, दिवसातून तीनदा, सात दिवस. म्हणजे 21 वेळा कडू गोळी. ती उपाशीपोटी घ्यायची नाही, रक्तातली साखर उतरते. कानात गुणगुण होते, मळमळतं, आणि बरं वाटू लागलं की गोळ्या अर्ध्यावर सुटतात. नोव्हेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनची, म्हणजे अशाच एका जोडऔषधाची, शिफारस केली. तीन दिवसांचं औषध जंगलातल्या पाड्यावर पूर्ण होण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, असं आमचं ठाम मत आहे.

व्हायव्हॅक्स असेल तर क्लोरोक्विन, तीन दिवस. त्याच्या जोडीने एरवी देतात ते प्रायमाक्विन मात्र गरोदर बाईला द्यायचं नाही. त्यामुळे यकृतात दडलेला परजीवी पुन्हा डोकं वर काढू शकतो. तिच्यावर बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवावं लागतं.

[दृश्य: रजिस्टर, माता व बाल संरक्षण कार्ड, पेन.]

आफ्रिकेत जिथे हिवताप दाट आहे, तिथे गरोदर बाईला तपासणीशिवायच ठरावीक अंतराने प्रतिबंधक गोळ्या देतात. आपल्याकडे ती पद्धत नाही. आपल्याकडे आधी तपासायचं, सापडलं तर औषध द्यायचं. मग तपासणी चुकली की सगळंच चुकलं. शिवाय परजीवी वारेत असताना बोटाच्या रक्तात न सापडण्याची शक्यता असतेच. म्हणून एकदा निगेटिव्ह आली की वर्षभराची निश्चिंती, असं इथे मानता येत नाही. नोंदणीच्या वेळी, त्यानंतर प्रत्येक भेटीला, आणि मधे ताप आला तर त्याच दिवशी. रक्तदाबाचा पट्टा बांधताना कुणी विचारत नाही की कायले. ही तपासणी तितक्याच सवयीची व्हायला हवी.

[दृश्य: घर. मुलगी मच्छरदाणी बांधते आहे, सासू दुसरं टोक धरते.]

औषधभारित मच्छरदाणी नोंदणीच्या दिवशीच मिळाली होती. ती उन्हात वाळवायची नाही, सावलीत. आणि धान राखायला शेतावरच्या मचाणात झोपायचं असेल, तर ती तिथेही न्यायची. आशाताई हे दोनदा सांगते. दुसऱ्यांदा सांगताना ती सासूकडे पाहते.

[दृश्य: उपकेंद्राचं कपाट. किटचे खोके, त्यावरच्या तारखा.]

हे कपाट आज भरलेलं आहे. किट संपतात त्या नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा तापाचे रुग्ण वाढतात. तेव्हा आहे तेवढा साठा ताप असलेल्यांसाठी राखला जातो, आणि ताप नसलेली गरोदर बाई रक्त न देताच घरी जाते. तिच्या वाट्याच्या किट वेगळ्या मोजायला हव्यात. जितक्या नोंदणी झालेल्या बाया आणि जितक्या त्यांच्या भेटी, तितक्या किट, मे महिन्यातच, पर्लकोटा फुगायच्या आत, या कपाटात पोचवायला हव्यात.