ग्रांद दाम, मॅडम आणि आपल्या बाई

नमस्कार मंडळी, आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. इंग्रजी पेपरात एखाद्या वयस्क, मानाच्या बाईंबद्दल लिहिताना 'ग्रँड डेम' असं छापतात बघा, तो शब्द मूळचा फ्रेंच, तिकडे म्हणतात 'ग्रांद दाम', म्हणजे थोर स्त्री. यातलं 'दाम' आलं लॅटिनमधल्या 'दोमिना'वरून, म्हणजे घराची मालकीण, आणि त्याच्या आधी 'मा' म्हणजे 'माझी' लागलं की झालं मादाम, आणि तेच इंग्रजीतून फिरत फिरत आपल्याकडे मॅडम होऊन आलं! बँकेत, शाळेत दिवसातून दहा वेळा म्हणतो की आपण.

फ्रान्समधे हा मान मिळालेली एक बाई मला फार मोठी वाटते, राँस शहरातली बार्ब-निकोल क्लिको, जन्म 1777 चा. 1805 मधे नवरा गेला तेव्हा ही 27 वर्षांची, पदरात लहान मुलगी, सासरे वाईनचा धंदा बंद करायच्या विचारात, आणि ही म्हणाली मी चालवते. त्या काळी तिथल्या बायकांना नवऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता यायचा नाही, विधवेला मात्र यायचा. शॅम्पेनच्या बाटलीत यीस्टचा गाळ राहून ती गढूळ दिसायची, तर हिच्या तळघरात टेबलाला तिरकी भोकं पाडून बाटल्या उलट्या खोचल्या, रोज थोड्या थोड्या फिरवल्या, गाळ सगळा बुचापाशी जमला आणि काढून टाकता आला. 1814 मधे युद्धाच्या धामधुमीत तिनं रशियाला माल पाठवला. 1866 मधे गेली तेव्हा ती शॅम्पेन प्रांताची ग्रांद दाम होती, आणि बाटलीवर आजही 'वव्ह क्लिको' असतं, वव्ह म्हणजे विधवा. जो शब्द बायकांना खाली मान घालायला लावायचा तोच हिनं लेबलवर मिरवला, मला याचं फार वाटतं हो.

आपल्याकडे हा मान 'बाई' या शब्दात होता. अहिल्याबाई, सावित्रीबाई. शाळेतही मराठीच्या बाई, गणिताच्या बाई, आता सगळ्या मॅडम झाल्या, आणि 'आज बाई आली नाही' म्हटलं की धुणंभांडी एवढंच डोक्यात येतं, खरं तर तिलाही तो शब्द मानानंच म्हणायला हवा.

परवा मंडईत आमच्या गणिताच्या बाई दिसल्या, 84 वय, हातात कोथिंबिरीची जुडी. एक पन्नाशीचा माणूस पिशव्या खाली ठेवून वाकला, "बाई, ओळखलंत का?" बाईंनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि विचारलं, "अपूर्णांक जमतात का रे आता?"