शालीला लागलेली कसर

[ग्वाल्हेर, लष्कर भाग. कपाटातल्या घड्यांवरून सरकणारा कॅमेरा.]

दिव्याभोवती भिरभिरणारं पाखरू कसरीचं नव्हे. कसरीचं पाखरू जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर, फिकट सोनेरी, उजेड दिसला की घडीत शिरणारं. ते स्वतः काहीच खात नाही. मादी कापडाच्या चुण्यांत 40-50 अंडी घालते. कुरतडतात त्या अळ्या.

त्यांना लागते लोकर, केस, पिसं; रेशीमही चालतं. धुतलेल्या सुती कापडाला त्या सहसा तोंड लावत नाहीत. घाम किंवा सांडलेलं श्रीखंड जिथे सुकलंय, तिथे आधी भोक पडतं. ‘एकदाच तर नेसला’ म्हणून न धुता ठेवलेला शालू, बहुतेक घरांत सुरुवात इथूनच.

[पेटीचं झाकण उघडतं.]

गाण्याच्या घरांत पेटी हमखास विसरली जाते. पट्ट्यांखालची बनात, म्हणजे जाड कापडाचं अस्तर, लोकरीची असली आणि ती कुरतडली गेली, की हवा निसटते आणि पट्टी न दाबता सूर वाजत राहतो.

[रिकामं कपाट.]

आधी कपाट पूर्ण रिकामं करा. फळ्यांच्या फटी, बिजागऱ्यांमागची धूळ व्हॅक्यूमच्या चिंचोळ्या तोंडाने ओढा. तो कचरा लगेच घराबाहेर टाका. लोकरी कपडे उन्हात पसरून शिवणी ब्रशने झाडा. ग्वाल्हेरात मे महिन्याचं ऊन या कामाला उत्तम. रेशीम मात्र उन्हात विटतं, त्याला डीप फ्रीझर. कोरडी घडी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा. उणे 18 अंशांत 2 आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही. घाई केली तर हवेतला ओलावा थंड कापडावर धरतो आणि जरीला डाग पडतात.

डांबराच्या गोळ्यांवर फार भिस्त नको. त्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ कोंडली तरच अळी मरते. फटींच्या लाकडी कपाटात वास घरभर आणि अळ्या शाबूत. घट्ट झाकणाच्या पेटाऱ्यातच, पुरचुंडीत बांधून ठेवा. सोबत कापूर नको, दोन्ही मिळून पाझरतात आणि तेलकट डाग पडतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर कधीच नको: काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. कडुलिंबाचा पालाही अळी मारत नाही; ओलसर राहिला तर बुरशी तेवढी वाढते.

पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या आवराआवरीत घड्या मोडून झटका. बाजारातले गंधाचे चिकट सापळे फक्त नर पकडतात, त्यामुळे त्यांनी कसर जात नाही, ती आहे एवढंच कळतं. सापळ्यात पाखरू दिसलं, की कपाट पुन्हा रिकामं करायचं.